कमरेची सुपारी

टोणपे गुरुजींनी श्रीकांतच्या सोवळ्याच्या कनवटीला सुपारी खोचली आणि मला हसू फुटलं. माझं हसू बारीक नसतं. कराडच्या रस्त्यांवर "ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक!" असं ओरडण्यात हयात गेलेल्या बाईचा आवाज तो. मंगल कार्यालयातल्या त्या एवढ्याशा वधूपक्षाच्या खोलीत तो चांगलाच घुमला.

"हसायला काय झालं?" श्रीकांतनं कपाळाला आठ्या घालून विचारलं.

"काही नाही. तुमची मंडळी बरीच रोडावली म्हणायची."

आरशासमोर बसलेली केतकी खो खो हसत सुटली. तिच्या डोळ्यांत काजळ घालणारी मुलगी ओरडली, "ताई, हलू नका, फिसकटेल!" नलिनीनं मात्र माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं. माझं तोंड मिटवणारी ती एकटीच आहे.

श्रीकांत हा नलिनीचा धाकटा दीर. लग्न केतकीचं, म्हणजे नलिनीच्या मुलीचं. नलिनीचा नवरा रमाकांत केतकी लहान असतानाच अपघातात गेला. कन्यादानाला जोडपं लागतं आणि विधवेनं बसायचं नसतं, तेव्हा काका-काकू बसतील असं खटावकरांच्या भावकीत परस्पर ठरलं होतं. ठरवणाऱ्यांनी नलिनीला फक्त कळवलं. सकाळी श्रीकांत आला तो एकटाच. "हिला बरं नाहीये," तो म्हणाला आणि म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. काकूंना काय झालं होतं ते मला माहीत होतं. ज्या मांडवात ती इंदू मास्तरीण असेल तिथं मी पाऊल ठेवणार नाही, असं त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं.

गुरुजींना या भानगडीत पडायचं नव्हतं. त्यांनी पिशवीतून सुपारी काढली आणि बायकोची जागा भरून टाकली.

"गुरुजी, एक विचारू?" मी म्हटलं. "ही सुपारी म्हणजे नेमकं कोण?"

"पत्नी हजर नसेल तर तिच्या जागी सुपारी. कार्य अडत नाही."

"म्हणजे माणूस नसलं तरी चालतं?"

"चालतं की. पूर्वापार चालत आलंय."

"मग तीच सुपारी हिच्या कमरेला लावा." मी नलिनीकडे बोट केलं. "आई आहे ती. नवरा नाही, तर नवऱ्याच्या जागी सुपारी. हिनं लोकांचे ब्लाउज शिवून पोर वाढवली. हे काका पोरीला शेवटचं कधी भेटले विचारा जरा."

"इंदू," नलिनी हळूच म्हणाली.

"विचारू दे ना. दहावी पास झाली तेव्हा आले नाहीत. टायफॉइड झाला तेव्हा आले नाहीत. आज शेला पांघरून पोरीचं दान करायला आलेत, तेही सुपारीला घेऊन."

श्रीकांतचा चेहरा लाल झाला. गुरुजींनी उपरण्यानं मान पुसली. माणूस साधा होता, पण घाबरट नव्हता. थोडा विचार करून ते म्हणाले, "हल्ली आया बसतात. पुण्याकडं तर बरंच होतं. माझी ना नाही. घरच्यांची संमती असली म्हणजे झालं."

"माझी आहे," केतकी आरशातूनच म्हणाली. "काका, रागावू नका, पण आईच बसू दे."

खरं तर मी तेवढ्यावरच थांबायला हवं होतं, पण जिंकल्यावर गप्प बसणं मला कधी जमलं नाही. मी गुरुजींना म्हटलं, "चला, सोडवा त्यांना बायकोच्या तावडीतून." त्यावर श्रीकांतनं स्वतःच ती सुपारी कनवटीतून ओढून काढली आणि गुरुजींच्या हातावर ठेवली.

"बसा वहिनी तुम्हीच," तो म्हणाला. "पण मग माझंही एक ऐकायचं. या बाई मांडवात पुढं यायच्या नाहीत. मगापासून वरपक्षाची माणसं मला विचारतायत, या कोण? मुलीच्या मावशी का? मी काय सांगू? पत्रिकेवर आमच्या घराण्याचं नाव छापलंय. कबूल असेल तर मी इथं उभा राहतो, नाहीतर भावकीतली सगळी माणसं घेऊन आत्ता निघतो. मग द्या वरपक्षाला उत्तर."

मी नलिनीकडे वळले. आता ती काय म्हणते ते मला ऐकायचं होतं.

"नाही येणार," ती म्हणाली. "इंदू पुढं येणार नाही."

शिवण संपल्यावर ती दातानं दोरा तोडते ना, तितक्या पटकन म्हणाली. क्षणभर थांबलीही नाही. मला कुणीतरी चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखं झालं. केतकी "आई!" म्हणून उठायला लागली, तर नलिनीनं तिला खांद्याला धरून परत बसवलं. "काजळ पुरं होऊ दे," ती म्हणाली.

मी चपला घातल्या आणि बाहेर पडले.

नलिनी आणि मी एकत्र राहायला लागलो तेव्हा केतकी नुकतीच शाळेत जायला लागली होती. माझं ड्रायव्हिंग स्कूल नवीन होतं. पहिल्या मारुतीला सीट कव्हरं शिवायची होती आणि कुणीतरी सांगितलं की शनिवार पेठेत खटावकरबाई आहेत, शिंप्याच्या घरातल्या आहेत, स्वस्तात आणि नीट शिवतात. मी गेले. कव्हरं झाली, तरी मी जातच राहिले. आधी कुशन्स, मग पडदे, मग शिवण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा नुसती चहाला. शेवटी तीच म्हणाली, "रोज एवढं येण्या-जाण्याचं पेट्रोल जाळण्यापेक्षा इथंच राहा की." मी राहिले. केतकी मला मावशी म्हणायला लागली. तिला सायकल मी शिकवली, पोहायला मी शिकवलं, आणि वय झाल्यावर गाडीही मीच शिकवली.

लोकांनी विचारलं की नलिनी सांगायची, भाडेकरू आहे. पुढं मैत्रीण सांगायला लागली. मग बहिणीसारखी. मी दरवेळी भांडायचे. "बहिणीसारखी म्हणजे? कुठल्या बहिणीशी तू अशी नांदतेस?" ती हसायची आणि म्हणायची, "आपल्याला माहीत आहे ना? मग झालं." पण मला तेवढ्यानं व्हायचं नाही. मला ते गावाला ओरडून सांगायचं होतं. ती मशीनवर मान खाली घालून बसायची आणि मी तिच्याभोवती येरझाऱ्या घालत जगाशी भांडायचे, अशी आमच्या घरातली कामाची वाटणी होती.

केतकीच्या लग्नाच्या वर्षी उन्हाळ्यात सुप्रीम कोर्टात आमच्यासारख्यांच्या लग्नाचा खटला चालला होता. सुनावणी मोबाइलवर दिसायची. नलिनी मशीनला मोबाइल टेकवून ठेवायची आणि काजं-बटणं करत ऐकायची. इंग्रजी तिला निम्मंशिम्मं कळायचं. मध्येच विचारायची, "हे जे आता बोलले ते आपल्या बाजूचे ना?" आणि एक दिवस ती मोरपंखी इरकल घेऊन आली. काठ रुंद, पदर लालभडक. मी म्हटलं, केतकीच्या लग्नाला घेतलीस का? तर म्हणाली, "तिच्या लग्नाला वेगळी घेईन. ही आपल्या लग्नाला. निकाल आपल्या बाजूनं लागला तर साताऱ्याला जाऊन रजिस्टर लग्न करू. तू शर्ट-पँटच घालणार, मला माहीत आहे. निदान इस्त्रीची तरी घाल."

ऑक्टोबरात निकाल लागला. मी तेव्हा मलकापूर फाट्यावर एका बँकेतल्या साहेबांना रिव्हर्स शिकवत होते. रेडिओवर बातमी आली. लग्न हा काही मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा असेल तर तो संसदेनं करावा, असं कोर्ट म्हणत होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, मी बरोबर घेतली ना मागं?" मी म्हटलं, "तुम्ही घेतली. बाकी सगळा देशच आज रिव्हर्समध्ये आहे." घरी आले तर नलिनीनं ती साडी घडी करून ट्रंकेत ठेवलेली होती. मी ताटावरही बसेना. कोर्टाला, सरकारला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना शिव्या घातल्या. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमटी गार होतेय."

आणि आज तिनं मला पुढं येऊ नको म्हणून सांगितलं होतं. कुणासाठी? तर एका दिराच्या घराण्यासाठी.

कार्यालयाच्या फाटकाजवळ कडुनिंबाखाली माझी गाडी उभी होती. छपरावर स्कूलची पाटी, मागं पुढं लाल ‘एल’. मी सवयीनं डाव्या सीटवर बसले. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. त्यावर माझा पाय आपोआप गेला. गाडी बंद होती तरी मी तो दाबून धरला. समोरच्या खांबावर लाउडस्पीकरचा कर्णा होता आणि त्यातून सनई ओरडत होती.

निघून जावं असं दहादा मनात आलं. किल्ली हातात होती. पण पोरीच्या अक्षता चुकवून जाणार कुठं? मग बसून राहिले आणि सकाळपासूनचं सगळं उगाळत राहिले. तेव्हा मला आठवलं की नलिनीनं आज ती मोरपंखी इरकल नेसली होती. केतकीच्या लग्नासाठी घेतलेली बैंगणी पैठणी सोडून ती इरकल. पहाटे ती ट्रंक उघडत होती तेव्हा मी पाहिलं होतं. म्हटलंही, "ही का?" तर म्हणाली, "हीही कधीतरी नेसायलाच हवी." मला वाटलं, आशा सुटली आहे बाईची, आता कशालाही नेसून टाकतेय. त्या विचारानं मला तिची कीव आली आणि मग तिचाच राग आला.

मंगलाष्टकं सुरू झाली. वरपक्षाकडच्या एका काकांनी फारच उंच पट्टी धरली होती, ते दर ओळीला वर जाऊन अडकत होते. माझ्या मुठीत थोड्या अक्षता होत्या. खोलीतून निघताना केतकीनंच कोंबल्या होत्या. शेवटचं ‘सावधान’ झालं, ताशे कडाडले आणि मी मूठ उघडली. तांदूळ डॅशबोर्डवर पडले, दोन-चार गिअरपाशी गेले. मी रडले. त्यात लपवायचं काय? ज्या पोरीला कडेवर घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढले, तिच्या डोक्यावर अक्षता टाकायला मला गाडीतून उतरायची चोरी झाली होती.

अक्षता पडल्या की निम्मा मांडव उठून पंगतीला पळतो, तसा तो पळाला. जेवणाची शेड गाडीच्या बाजूलाच होती. मठ्ठ्याच्या बादल्या खणखणायला लागल्या. मंचावर आता घरची माणसं तेवढी उरली असणार. गुरुजींच्या गळ्यात अडकवलेला माइक मात्र चालूच होता. कर्ण्यातून त्यांचा आवाज येत होता, मध्येच खोकला, मध्येच "ते ताम्हण इकडं सरकवा."

"बसा आई इथं पाटावर. सुपारी आहे ना कमरेला? हां. आता वरानं ओंजळ धरायची, तीवर मुलीची ओंजळ, तीवर आईची. आणि वरून पाण्याची धार. धार तुटू द्यायची नाही, मंत्र संपेपर्यंत. धार कोण धरणार?"

ताम्हण सरकल्याचा आवाज आला.

"एरवी वडिलांची ओंजळ असते आणि आई धार धरते," गुरुजी म्हणाले. "आता तुमचे दोन्ही हात ओंजळीत गुंतले. सुपारीला काही धार धरता यायची नाही." स्वतःच थोडे हसले. "एखादी सवाष्ण बोलवा घरातली."

"वरमाईंना विनंती करू या का?" हा श्रीकांत.

"थांबा गुरुजी," नलिनीचा आवाज आला.

तिचा आवाज कर्ण्यातून कधी ऐकला नव्हता. घरातही तो दुसऱ्या खोलीत जात नाही. आणि आता तो फाटकाबाहेर रस्त्यावर पडत होता.

"ही सुपारी परत घ्या."

"का हो? काय झालं?"

"माझं माणूस आहे. ते असताना सुपारी कशाला लावायची?"

मी ब्रेकवरचा पाय काढला.

"वहिनी!" श्रीकांत दबक्या आवाजात म्हणाला, पण त्याचं दबकं बोलणंही अख्ख्या कराडला ऐकू येत होतं. "वहिनी, माइक चालू आहे."

"असू दे."

"तुम्ही सकाळी कबूल केलंत!"

"केलं. इंदू आपणहून पुढं आलेली नाही. ती बाहेर गाडीत जाऊन बसली आहे. आता मी तिला बोलावतेय."

"अहो पण कोण लागते ती तुमची?" श्रीकांतला आता दबकं बोलायचं भान राहिलं नव्हतं. "काय नातं सांगणार? कायद्यानं ती तुमची कुणीही नाही! आत्ता दिवाळीच्या आधी कोर्टानं सांगितलं ना तुमच्यासारख्यांना? साऱ्या देशाला सांगितलं!"

शेडमधल्या बादल्यांचा आवाज थांबला. मला पंगत दिसत होती. एका वाढप्याच्या हातातली जिलबी तशीच ताटावर अधांतरी राहिली होती.

"सांगितलं," नलिनी म्हणाली. "मी ऐकलं सगळं. आणि भाऊजी, ही सुपारी कायद्यानं माझी कोण लागते?"

श्रीकांत नुसताच खाकरला.

"मगाशी ती तुमची बायको होती. आता घटकाभर माझा नवरा झाली. तिला कुणी कागद मागितला नाही. ती कुठली, कोणाची, कुणी विचारलं नाही. माझ्या पोरीच्या उशाशी जी रात्ररात्र बसली तिला मात्र तुम्ही विचारता, कोण लागतेस? कोर्टानं नाही म्हटलं ते कोर्टाचं. माझ्या पोरीच्या लग्नात माझ्या शेजारी कोण बसायचं ते मी सांगणार." मग तिनं तोंड बहुधा माइकच्या अगदी जवळ आणलं असावं, कारण कर्णा कर्रकन वाजला. "इंदू. ये गं वर. धार धरायचीय."

जन्मभर मी ज्याची वाट पाहिली ते हे होतं. हे असं काही ती म्हणाली की मी काय काय करीन, कशी छाती काढून चालीन, कुणाकुणाला काय काय सुनावीन, याची मी मनात शंभरदा तालीम केली होती. आणि आता दार उघडता येईना. हँडल माझ्याच गाडीचं, पण मी ते उलटं फिरवत होते. शेवटी उतरले. शेडमधून जाताना दोन्ही बाजूंच्या पंगती माना वळवून बघत होत्या. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "हीच व्हय ती, गाडीवाली?" मी तिच्याकडे बघून मान डोलावली. हीच.

मंचावर चढले तेव्हा श्रीकांत पायऱ्या उतरत होता. त्यानं सोवळं तसंच ठेवून वर शर्ट चढवला होता. "जेवून जा," मी म्हटलं. टोमणा म्हणून नव्हे. मला दुसरं काही सुचलंच नाही. तो थांबला नाही. त्याच्यामागे भावकीतली सात-आठ माणसं उठली. बाकीची जेवत राहिली, मठ्ठा चांगला झाला होता.

नवरदेवाची, निनादची आई, म्हणजे आमची विहीण, मंचावरच खुर्चीत ताठ बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. केतकीनं निनादला सगळं आधीच सांगितलं होतं, पण त्यानं ते घरी कितपत सांगितलंय ते कुणाला ठाऊक नव्हतं. नलिनीनं सरळ तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं विहीणबाई. आता सांगते. या इंदुमती जगदाळे. केतकीला आम्ही दोघींनी वाढवलंय. तुम्हाला चालणार नसेल तर आत्ता बोला."

विहीणबाईंनी आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग लेकाकडे पाहिलं. निनाद ओंजळ धरून बसला होता आणि त्यानं ती जराही हलवली नव्हती. "मला हे पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पटेल की नाही तेही सांगता येत नाही. त्याचं नंतर बघू. आता धार धरा, माझ्या पोराचे हात अवघडले."

गुरुजी घड्याळाकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, म्हटलं आता हे काय काढतात. ते म्हणाले, "मला पुढचं लग्न इस्लामपूरला आहे. बसा लवकर. चपला काढल्यात ना?"

मी नलिनीच्या डाव्या हाताला पाटावर बसले. माझ्या अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. पहाटे नलिनीनंच इस्त्री करून ठेवली होती. गुरुजींनी पळीभर पाणी तिच्या हातावर सोडलं, संकल्प म्हणायला सुरुवात केली आणि आपल्या नादात, हजार लग्नांत म्हटलं असेल तसं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "हाताला हात लावा."

ते बायकोला सांगतात. नवरा संकल्प सोडतो तेव्हा बायकोनं त्याच्या हाताला हात लावायचा. माझी आई लावायची, माझ्या वहिन्या लावायच्या, आणि मी लहानपणापासून लांब उभी राहून बघायचे. मी हात लावला. नलिनीचा हात थंडगार पडला होता. तेव्हा मला कळलं की कर्ण्यातून एवढं ठणकावून बोललेली बाई किती घाबरलेली होती. मला तिचा इतका अभिमान वाटला की मला तिथंच ओरडावंसं वाटलं.

मग तीन ओंजळी एकावर एक आल्या आणि मी झारी उचलली. मंत्र सुरू झाले. गाडीचं स्टिअरिंग धरणारा माझा हात कधी हलत नाही, पण त्या दिवशी धार नागमोडी जायला लागली. पाणी निनादच्या शेल्यावर उडालं. केतकीनं मान वर केली नाही. खाली बघत, ओठ न हलवता, माझ्या शिकाऊ लोकांना मी सांगते त्याच सुरात ती पुटपुटली, "मावशी, क्लच हळू सोड."

धार सरळ झाली. मंत्र संपेपर्यंत ती तुटली नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. विहीणबाईंना पटलंय की नाही ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही, पण गेल्या उन्हाळ्यात त्या माझ्याकडे गाडी शिकायला आल्या होत्या आणि चांगली चालवतात. श्रीकांत येत नाही. कायद्यात आम्ही आजही एकमेकींच्या कुणी नाही. कुणी विचारलं, या कोण, तर नलिनी आता ‘बहिणीसारखी’ म्हणत नाही. "हे माझं माणूस," म्हणते आणि पुढचा प्रश्न यायच्या आत मशीन चालू करते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले, घर रिकामं झालं. दुपारी जेवून आम्ही दोघी ओसरीवर बसलो होतो. मनात खदखदत होतं ते मी विचारलंच.

"काल सकाळी श्रीकांतला एवढ्या पटकन कबूल का झालीस? मला किती लागलं माहीत आहे?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "तेव्हा भांडले असते तर त्यानं मला पाटावर बसूच दिलं नसतं. आधी बसायला तर हवं होतं. एकदा बसल्यावर मला कोण उठवणार?"

"म्हणजे हे तू आधीच ठरवलं होतंस?"

"ट्रंक उघडली तेव्हाच. तू मात्र विचारलंस, ही का."

तिनं पदराची गाठ सोडली आणि ती सुपारी काढली. गडबडीत गुरुजींना द्यायची राहून गेली होती. मग पानाच्या डब्यातून अडकित्ता घेतला आणि सुपारी त्यात धरली.

"अगं, कार्याची सुपारी खातात का?" मी म्हटलं.

"तिची जागा तू घेतलीस. आता ती नुसती सुपारी आहे," नलिनी म्हणाली. कट्‌कन तिचे दोन तुकडे झाले. एक तिनं तोंडात टाकला आणि दुसरा माझ्या हातावर ठेवला.